रंजू, तुझी संत्री आणि माझे बाबा

रंजू, तुझ्या घराची चावी बाबांच्या उशाखाली होती. माझ्याकडे नव्हती. तू गेल्यावर दोन-तीन दिवसांनी मला हे कळलं आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मला राग आला.

तू शाळेच्या ऑफिसात किती वर्षं होतीस, किती पोरांचे दाखले तुझ्या हातून गेले, हे सगळं बाकीच्यांनी सांगून झालं आहे. तू मनमिळाऊ होतीस, हेही सांगून झालं. मला त्यातलं काही लिहायचं नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे. तू मध्येच उठून गेलीस. तू नाहीस म्हणून मी माझी बाजू सोडून देईन, असं समजू नकोस.

आपली ओळखसुद्धा भांडणातूनच झाली होती. मी दुसऱ्या मजल्यावर, तू बरोबर माझ्या डोक्यावर तिसऱ्या. तुझ्या गॅलरीच्या ग्रिलमध्ये त्या शोभेच्या संत्र्यांच्या कुंड्या. तू पाणी घातलंस की मातीचे ओघळ थेट माझ्या धुतलेल्या चादरींवर. मी तणतणत वर आले, तर दार उघडून तू म्हणालीस, "आमी काय मुद्दाम करतो का गं?"

"मुद्दाम नाही, पण खाली ट्रे ठेवायला काय होतं?"

"ठेवते ना. टेन्शन नको घेऊ. चहा टाकलाय, पितेस?"

मी चहा पिऊनच खाली आले. पुढची कित्येक वर्षं आपलं सगळं त्या जिन्यातच झालं. विरजण, गॅसचा नंबर, तुझ्या आईचं आजारपण, माझ्या नवऱ्याच्या जासईच्या कंटेनर यार्डातल्या उलटसुलट शिफ्टा. तोवर तू फक्त माझी होतीस. तुझ्यात कुणी वाटेकरी नव्हतं, आणि माझ्यातही नव्हतं.

मग माझी आई गेली आणि बाबा वरूडहून माझ्याकडे आले. बाग भावाच्या हातात होती आणि बाबांच्या डोळ्यांनी जवळजवळ रजा घेतली होती. उजेड-अंधार कळायचा, माणसाचा आकार कळायचा, बाकी सगळं हाताने आणि नाकाने. आयुष्यभर संत्र्याच्या बागेत फिरलेला माणूस दिवसभर माझ्या गॅलरीत खुर्चीवर बसून राहायचा. मी सकाळी बेलापूरला ऑफिसला जायचे ती दिवेलागणीला यायचे. ते त्याच खुर्चीत.

एका रविवारी त्यांच्या मांडीवर वरून एक पान पडलं. त्यांनी ते बोटांत चुरगळलं, नाकाशी नेलं आणि एकदम ताठ बसले.

"हे तं संत्र्याचं पान व्हय. इथं कोनाच्या घरी संत्रा हाय?"

"वरच्या रंजूकडे आहेत बाबा. पण ती शोभेची. लिंबाहून बारीक फळ, तेही आंबटढाण. नर्सरीतून आणलीत तिनं."

"फळं लागली काय?"

"अजून नाही."

"मंग शोभा कायची?"

मी हसले आणि त्यांचा हात धरून त्यांना वर घेऊन आले. रंजू, हे विसरू नकोस. बाबांना तुझ्या दारात मी आणलं.

त्यांनी तुझ्या पहिल्याच कुंडीच्या खोडावरून बोटं फिरवली, वरून खाली, सावकाश. मग एका ठिकाणी थांबले. "इथं कलम बांधलं हाय. अन् हे खालून निंघालेलं तोडून टाक."

"चांगली हिरवीगार फांदी आहे की काका."

"हिरवी हायच. पन ते जंगली खूट हाय. वरच्या संत्र्याचं खाऊन राह्यलं ते."

तू एका झटक्यात ती फांदी मोडलीस. बाबांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मला आनंद झाला होता त्या दिवशी. तो फार टिकला नाही.

कारण दुपारी तुमच्या होत्या. तुझी शाळा सकाळची. तू बाराच्या सुमाराला घरी यायचीस, जेवायचीस आणि खाली येऊन बाबांना वर न्यायचीस. मी बेलापूरला कुणाच्या तरी बिलांवर सह्या घेत असायचे, तेव्हा माझे बाबा तुझ्या गॅलरीत बसून तुला बहार धरायला शिकवत असायचे. फुलं हवी असतील तर आधी झाडाचं पाणी तोडायचं. ते तहानेनं मलूल होईपर्यंत थांबायचं आणि मग नेमक्या दिवशी पाणी द्यायचं. याला ताण देणं म्हणतात, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण नेमका दिवस कोणता, हे सगळ्यांना कळत नाही. बाबांना कळायचं. आजूबाजूच्या गावचे लोक त्यांना विचारायला यायचे.

मला त्यांनी ते कधी सांगितलं नाही. ताणाच्या दिवसांत ते भावाला घेऊन झाडाझाडाखाली फिरायचे, पानं हातात देऊन काहीबाही दाखवायचे. मी मागे मागे गेले की म्हणायचे, "तू जाय माय, अभ्यास कर." मी केला. चांगले मार्क मिळवले, नोकरी मिळवली. त्यामुळे संत्र्याच्या बागेत वाढूनही मला संत्र्यातलं काही कळत नाही, आणि चिपळूणकडच्या, जन्मात संत्र्याची बाग न पाहिलेल्या तुला सगळं कळायला लागलं.

एकदा संध्याकाळी वर आले तर तू बाबांना विचारत होतीस, "पण झाड ताण दिल्यावरच का फुलतं?" बाबा म्हणाले, "त्याले वाटते आता आपन मरतो. मंग ते लेकरं धरते." मी दारात चपला काढत होते. मला वाटलं, इतकं सुंदर वाक्य या माणसाच्या पोटात होतं आणि ते ऐकायला मला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं.

पुढच्या वर्षी तुझ्या कुंड्या लगडल्या. केशरी बोरं लागल्यासारखी झाडं. अख्खी सोसायटी मोबाइल घेऊन फोटो काढायला आली. बोनकोड्याची ती मासेवाली मावशीसुद्धा टोपली जिन्यात ठेवून वर चढली. "बाय गं, हे खरं हाय का पलास्टिकचं?" म्हणाली. तू बाबांना पुढे केलंस. "यांनी केलं सगळं." आणि बाबा म्हणाले, "मी काय, आंधळा मानूस. रंजनाचा हात चांगला."

त्याच आठवड्यात मी पण एक झाड आणलं. तू पाहिलंस, पण काही बोलली नाहीस. तेवढी समज होती तुला. महिन्याभरात त्याची पानं वळायला लागली, पानांवर नागमोडी पांढऱ्या रेघा आल्या. मी बाबांना विचारलं, काय करू? त्यांनी पान चाचपलं आणि अगदी सहज म्हणाले, "रंजनाले विचार. तिले समजते आता."

मी तुला विचारलं नाही. झाड गेलं. तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं, मांजरानं पाडलं. आपल्या जिन्यात मांजर नाही.

हळूहळू तू माझं काय काय घेतलंस, तुला माहीत आहे का? आधी माझी बोली घेतलीस. ऑफिसात कुणी हसू नये म्हणून मी इतकी वर्षं घासून घासून घालवलेली वऱ्हाडी तू बाबांकडून उचललीस आणि मजेत बोलायला लागलीस. "बाबा, जमते का आता?" "बाबा, काऊन चूप हा?" चुकीच्या जागी, चुकीच्या सुरात. आणि बाबा हसून हसून खोकायचे. "काका"चं "बाबा" कधी झालं, तेही मला कळलं नाही. ते कुठल्या तरी दुपारी झालं असणार.

मग एका दिवशी जिन्यातूनच मला ऐकू आलं. बाबा तुला म्हणत होते, "हळू माय, काटा लागन." माय. आमच्याकडे बाप लेकीला माय म्हणतो. तो शब्द माझा होता. भावाला बाग मिळाली होती, मला तेवढा शब्द मिळाला होता.

तरी तुझ्याशी वाद घालताना बाबा जसे दिसायचे, ते बघायला मला आवडायचं, हेही लिहून ठेवते. संत्र्याची पानं खाणाऱ्या त्या अळ्या तू मारू द्यायची नाहीस. एकेक अळी कागदावर घेऊन खाली उतरायचीस आणि सोसायटीच्या कढीपत्त्यावर सोडून यायचीस. "अवो, तिचं फुलपाखरू होऊन पुन्हा तुह्याच झाडावर अंडे घालन," बाबा ओरडायचे. "घालू दे. मी पुन्हा सोडून येईन. तेवढाच माझा व्यायाम." आमच्या बागेत बाबांपुढे कुणाचं चाललं नाही. आईचंही नाही. तुझ्यापुढे मात्र ते हात जोडायचे. "हारलो बापा." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तुझ्यामुळे ऐकलं.

आता त्या शेवटच्या रविवारचं. मी सकाळपासून खपून पाटवडीचा रस्सा केला होता. आईच्या हातचा, तिखट. बाबांना आवडतो म्हणून. मला सुट्टी होती आणि मला वाटत होतं, दुपारभर बाबांपाशी बसू. त्यांनी घाईघाईने खाल्लं, हात धुतले आणि विचारलं, "रंजना आली काय वो?"

तू आलीसच. नेहमीसारखी दारातून, "चला बाबा, आज ताण द्यायला सुरुवात करायची ना?" मी तुम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आले. बाबा कठडा धरून वर गेले, तू मागे राहिलीस, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"एवढं आहे तर कायमचेच घेऊन जा ना त्यांना वर."

तू हसशील असं मला वाटलं होतं. हसली नाहीस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "दे."

"काय दे?"

"दे ना. आत्ता दे. मी तयार आहे."

तुझे वडील तू शाळेत असताना गेले, एवढंच तू मला सांगितलं होतंस. त्यांच्याबद्दल कधी बोलायची नाहीस. त्या "दे"मध्ये किती वर्षांचं काय होतं, मला त्या वेळी कळलं नाही. मला फक्त एवढं दिसलं, की हिला खरंच हवे आहेत. मी दार लावून घेतलं. त्यानंतर आपण बोललो, दुधाच्या पिशवीबद्दल, पाणी कमी दाबाने येतंय त्याबद्दल. त्या विषयावर पुन्हा नाही. आठवडाही गेला नसेल, तू शाळेच्या ऑफिसात खुर्चीवरच कलंडलीस आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलीस.

बाबांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांचे दोन्ही हात धरून सांगितलं. ते म्हणाले, "कुंड्यांले तान चालू हाय."

माझं डोकं फिरलं. माणूस गेलं आणि यांना कुंड्या दिसताहेत! तुझा भाऊ आला, सगळं झालं. घराला कुलूप लावून तो तुझ्या अस्थी घेऊन गावी गेला. बाबा जेवायचे नाहीत, बोलायचे नाहीत. फक्त अधूनमधून तेच. "तान चालू हाय माय. झाडं मरतीन."

"कुलूप आहे बाबा. चावी तिच्या भावाकडे आहे."

"चाबी माह्याजवळ हाय." आणि त्यांनी उशाखाली हात घालून ती काढली.

तुझी एक चावी माझ्या फ्रिजवरच्या डब्यात कितीतरी वर्षं होती. गेल्या पावसाळ्यात तू कुलूप बदललंस हे मला माहीत होतं. नवी चावी द्यायची राहिली असेल, असं मी समजत होते. राहिली नव्हती. तू दिली होतीस, फक्त मला नाही.

तुझ्या भावाला फोन करून विचारलं. "जा ना ताई, त्यात काय," तो म्हणाला. मी बाबांना धरून वर नेलं. तुझ्या ओट्यावर दोन कप उपडे घातले होते. एक तुझा. दुसऱ्याखाली चांगली खोलगट, मोठी बशी. बाबांना बशीतून चहा प्यायची सवय. माझ्या घरी पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून मी ती सोडवली होती, आणि तू त्यांच्यासाठी शोधून बशी आणली होतीस. मी ती उचलून पाहिली. पुन्हा होती तशी ठेवली.

गॅलरीत तुझ्या कुंड्या ओळीने उभ्या होत्या. फरशीवर पानं पडली होती. बाबा स्टुलावर बसले आणि त्यांनी हात पुढे केला. मी एक पान दिलं. त्यांनी ते चाचपलं.

"झाडावरचं कसं हाय ते सांग. वाटीवानी वळलं का नळीवानी?"

"वळलंय."

"वळलं तं हायच. कसं?"

"म्हणजे... आतल्या बाजूला."

"रंगाचं काय? चमक हाय का गेली?"

मला सांगता येईना. ते वैतागले. "रंजना असती तं सांगतलं असतं एका शब्दात."

"मग मला का नाही शिकवलं?" मी ओरडले. तुझ्या गॅलरीत, तू जाऊन चार दिवस झाले नव्हते. "मी मागे मागे यायचे ना बाबा? मला घरी हाकललंत. आणि तिला, कोण कुठली ती, तिला सगळं दिलंत. चावीपण तुमच्याकडे!"

बाबा माझ्या आवाजाकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "तुले उन्हातून काढाचं होतं मले. बागेत राबून तुह्या आईचे हात पाह्यले होते मी. तुले देल्लं असतं तं तू तिथंच राह्यली असती."

"आणि रंजूला?"

"तिनं मागतलं." बोटांतलं पान खाली टाकून म्हणाले, "अन् तिले कुठं जायाचं नोतं. मलेबी."

रंजू, तू आणि ते एका दुपारीत अडकलेली दोन माणसं होतात, मी रोज बाहेर जाणारी. हे बरोबरच आहे. पण बरोबर असलं म्हणजे पोटात दुखायचं थांबतं असं नाही.

मी खाली बसून पानांकडे नीट पाहिलं. मातीत बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं.

"बाबा, पाणी द्यायला पाहिजे."

"नोको. परवा रंजनानं सांगतलं तवा पानं कडक होती. अजून दोन दिस जमते."

"ती सांगून आठवडा होत आला बाबा. आज मी सांगून राहिली. पानं नळीवानी झाली. हात लावला तर गळतात. चमक नाही, राखेसारखी दिसून राहिली."

माझी वऱ्हाडी अशी एकदम बाहेर आली. बाबा चपापले. त्यांनी माझा हात शोधला, मातीने भरलेलं बोट चाचपलं, अंगठ्याने माती चोळून पाहिली.

"टाक," ते म्हणाले. "पन एकदम नोको. अर्धा तांब्या, झाडाच्या बुडाले. बाकीचं उद्या."

तुझ्याच तांब्याने, तुझ्याच नळाचं पाणी मी एकेका कुंडीला घातलं. बाबा कान देऊन माती पाणी पिते तो आवाज ऐकत होते. मध्येच मला जाणवलं, की हे शब्द, ही सावकाशी, हे "बुडाले"सुद्धा तुझ्या हाताखालून आलेलं आहे. तू मागितलं नसतंस तर बाबांनी हे सगळं आपल्याबरोबर नेलं असतं. तुझं वापरून झालेलं का होईना, माझ्यापर्यंत आलं. थँक्यू म्हणू का तुला? म्हणते. पण मनापासून जमत नाहीये, खोटं कशाला बोलू.

तुझ्या भावाने कुंड्या आम्हालाच ठेवून घ्यायला सांगितल्या. आता त्या माझ्या ग्रिलमध्ये आहेत आणि माझ्या खालच्या मजल्यावरच्या बाई चादरींवरून माझ्याशी भांडतात. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सकाळी बाबांनी फांदी चाचपली आणि माझं बोट धरून टेकवलं. मोहरीएवढ्या कळ्या. "आला," ते म्हणाले. "रंजनाचा बहार."

पाणी मी घातलं होतं.

कार्यक्रम सोसायटीच्या हॉलमध्ये होता. तुझा फोटो, मेणबत्त्या, सगळे पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली. तुझ्या शाळेतले लोक बोलले. मग तुझ्या भावाने विचारलं, अजून कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. माझ्या शेजारी बाबांचा हात वर गेला. मला वाटलं, बाथरूमला जायचं असेल. ते माझा दंड धरून उभे राहिले. अख्खा हॉल त्यांच्याकडे बघायला लागला, आणि ते दुसऱ्याच कुठल्या तरी बाजूला बघत होते.

"मी वरूडचा," ते म्हणाले. "मले बोलता येत नाही." आणि मग, "माही लेक गेली."

बसले.

लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी जिवंत, त्यांच्या शेजारी, त्यांचा हात अजून माझ्या दंडावर. कुठे बघावं मला समजेना. मी तुझ्या फोटोकडे पाहिलं. तू त्यात कुणाच्या तरी लग्नात हसत होतीस.

नंतर खिरीच्या वाट्या घेऊन सगळे उभे असताना तुझ्या शाळेतल्या एक बाई माझ्याजवळ आल्या. बाबांकडे बोट करून म्हणाल्या, "ते तुमचे वडील ना? मग तुम्ही रंजनाच्या कोण?"

शेजारीण म्हणता आलं असतं. मैत्रीण म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "बहीण."

"अगबाई. सख्खी?"

"हो."

"ती कधी बोलली नाही. मोठी कोण, तुम्ही की ती?"

खरं तर तू माझ्याहून मोठी होतीस. तरी मी म्हटलं, "मी. मी मोठी. बाबांना आधी मी झाले."

तेवढं मला राहू दे, रंजू.